टॉवरचं काम आटलं, गाड्यांचे हप्ते मात्र चालूच

आदरणीय ताई,

स.न.वि.वि. मी कराडजवळच्या एका गावचा. वय ४१. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स करून दहा-बारा वर्षं टॉवरवर रिगर (चढून अँटेना बसवणारा) होतो, मग सुपरवायझर झालो, आणि २०२१ पासून स्वतःची छोटी फर्म आहे. टॉवरवरचे रेडिओ, म्हणजे मोबाइलचा सिग्नल देणारे डबे, बनवणारी कंपनी एका मोठ्या ठेकेदाराला काम देते, तो दुसऱ्याला, दुसरा मला. २०२२च्या दिवाळीपासून पुढचं दीड वर्ष जेवायला फुरसत नव्हती. तीन टीम, चौदा पोरं, महिन्याला तीस-पस्तीस साइट. त्या जोरावर दोन पिकअप घेतल्या, एक स्प्लायसिंग मशीन (फायबर केबल जोडणारं) आणि एक ओटीडीआर (केबल कुठे तुटली ते दाखवणारं यंत्र) घेतला. २०२४ पासून काम कमी होत गेलं. आता महिन्याला चार-पाच साइट, त्याही जुन्याच साइटच्या दुरुस्तीच्या, आणि रेटही पाडलेत. वरच्यांकडे माझे १७ लाख अडकलेत. गाड्या, मशीन आणि सोनेतारण मिळून साडेतेरा लाख देणं आहे. सोनं बायकोचं. तिला वाटतं फक्त पाटल्या ठेवल्यात. गंठणही ठेवलंय, ते सांगितलेलं नाही.

ही मंदी किती दिवस चालेल? ६जी येईपर्यंत कळ काढावी का? मेहुणा म्हणतो सीसीटीव्हीच्या धंद्यात ये. एक मित्र म्हणतो, टेलिकॉम उपकरणांच्या कंपन्यांचे शेअर पडलेत, थोडे घेऊन ठेव. मुलगा बारावीला आहे, त्याला इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनलाच जायचंय. माझी अवस्था बघून त्याला जाऊ द्यावं का?

ता. क. गोदामात फीडर-जंपरची (अँटेनाला जोडायच्या केबलची) दोन पोती, पॉवर केबलचे अडीच ड्रम आणि क्लॅम्प पडून आहेत. कुणी घेईल का?

— एक वाचक, कराड तालुका

*

भाऊ, नमस्कार.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे सल्ला किती घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी टॉवरवर एकदाही चढलेली नाही. एकतीस वर्षं खाली ऑफिसात बसून तुमच्यासारख्यांची बिलं पास करणारी, आणि खरं सांगायचं तर अडवणारी, बाई होते. त्यामुळे तुमच्या धंद्याची वरची बाजू मला ऐकून माहीत आहे आणि कागदाची बाजू जरा जास्तच माहीत आहे.

तुमच्या पत्रातले दोन आकडे मी शेजारी-शेजारी लिहिले. येणं १७ लाख, देणं साडेतेरा. म्हणजे तुम्ही बुडालेले नाही, तुमचे पैसे लोकांनी वापरायला घेतलेत. तुम्ही पानभर बाजाराबद्दल लिहिलंय आणि येण्याबद्दल एकच ओळ. मी उत्तरात हे प्रमाण उलटं करणार आहे, पण आधी बाजाराचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय वाट बघणं तुम्ही सोडणार नाही.

१ ऑगस्ट २०२२ला स्पेक्ट्रमचा लिलाव संपला, जवळपास दीड लाख कोटींचा. १ ऑक्टोबरला दिल्लीत ५जीचं उद्घाटन झालं, आणि दोन मोठ्या कंपन्यांची शर्यत लागली की कुठल्या शहरात आधी कोण. एवढा मोठा देश, पण दोन-सव्वादोन वर्षांत साडेचार लाखांहून जास्त ५जी बीटीएस (टॉवरवरचे सिग्नल देणारे संच) उभे राहिले. त्यातले काही शे तुमच्या पोरांनी चढवले. भाऊ, ते आता चढलेत. पुन्हा चढवायचे नाहीत. तुमच्या भागातलं उदाहरण द्यायचं तर हा ऊस नव्हता, की तोडला आणि खोडवा आला. ही विहीर होती. खोदून झाली, पाणी लागलं, आता गावकरी पाणी काढत बसतील. खोदणाऱ्याला दुसरं गाव शोधावं लागतं.

हे एकट्या तुमच्या वाट्याला आलेलं नाही. नोकियाची भारतातली विक्री २०२३ मध्ये आदल्या वर्षाच्या दुपटीवर गेली आणि २०२४ मध्ये निम्म्यावर आली. एरिक्सननं फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरातली साडेआठ हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि त्याच ऑक्टोबरात नोकियानं चौदा हजारांपर्यंत. टॉवरवरच्या रेडिओंचा जगाचा बाजार २०२२ मध्ये साधारण ४५ अब्ज डॉलरचा होता, तो २०२४ मध्ये ३५ अब्जांवर आला. सगळ्या प्रकारची टेलिकॉम उपकरणं धरली तर २०२४ मध्ये ११ टक्के घट झाली. डेलओरो नावाची संस्था हे हिशेब ठेवते, तिच्या म्हणण्यानुसार वीसेक वर्षांत एका वर्षात एवढी घसरण झाली नव्हती. २०२५ मध्ये पडझड थांबली, पण रेडिओचा बाजार आहे तिथेच उभा आहे. तेव्हा तुमच्या फोनवर कुणी 'सर, पुढच्या क्वार्टरला धमाका आहे' म्हणालं, तर त्याचं नाव एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या क्वार्टरला त्याला चहा पाजायला लावा.

कारणं फार गूढ नाहीत. तुम्ही बसवलेल्या त्या मोठ्या चौकोनी ५जी अँटेना-रेडिओंची कुवत अजून भरलेली नाही. आपल्याकडे एका स्मार्टफोनमागे महिन्याला तीस जीबीच्या वर डेटा खर्च होतो, जगात तो वरच्या काही देशांत मोडतो. तरीही वापर पूर्वीसारखा दरवर्षी दीडपट-दुप्पट होत नाही, जगभरच त्याची वाढ मंदावलीय. दुसरं, कंपन्यांनी एवढा पैसा घातला, पण '५जी आहे म्हणून पन्नास रुपये जास्त देतो' असं म्हणणारं गिऱ्हाईक काही मिळालं नाही. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले ते ४जी-५जी सगळ्यांचेच. तो वाढीव पैसा आधी कर्जात आणि स्पेक्ट्रमच्या हप्त्यांत जातो, नव्या डब्यांना उरलासुरला.

आणि तिसरं कारण तुम्ही डोळ्यांनी बघितलं असणार. पूर्वी क्षमता वाढवायची म्हणजे गाडी भरून साइटवर जायचं, कार्ड बदलायचं, नवी केबल ओढायची. आता बऱ्याच वेळा गुरगावला बसलेला कुणी पंचविशीतला मुलगा लायसन्स की, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, टाकतो आणि तोच रेडिओ जास्त काम करायला लागतो. तुमची पिकअप अंगणातच.

शिवाय गिऱ्हाइकं किती उरली बघा ना. २०१०च्या सुमाराला मी दहिवडी-म्हसवडकडच्या साइटचे फोटो तपासत असे, तर एकाच टॉवरवर पाच-सहा कंपन्यांच्या अँटेना, खाली प्रत्येकीचा वेगळा डबा, वेगळं कुलूप, आणि वॉचमनकडे किल्ल्यांचा जुडगा. आता तीन खाजगी आणि एक बीएसएनएल. त्यातल्या तिसऱ्या खाजगीनं, व्होडाफोन आयडियानं, सप्टेंबर २०२४ मध्ये नोकिया, एरिक्सन, सॅमसंगला मिळून तीन वर्षांसाठी तीस हजार कोटींच्या ऑर्डरी दिल्या. तुम्हाला आज मिळणाऱ्या चार-पाच साइटमध्ये त्यातल्याही असतील. पण ती सगळीकडे एकदम धावणारी शर्यत नाही, पैसे येतील तसं होणारं काम आहे.

अशी ओहोटी मी आधीही पाहिलीय. २ फेब्रुवारी २०१२ला सुप्रीम कोर्टानं मोबाइल कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही भिवंडीच्या गोदामात साठा मोजत होतो. छतापर्यंत लाकडी खोकी, न फोडलेली, प्रत्येकावर कुठल्या तरी गावचा साइट कोड. त्या गावांत आता कुणी टॉवर लावणार नव्हतं. सांगलीकडचे एक ठेकेदार रोज गोदामाच्या दारात येऊन बसायचे. आमच्या कंपनीकडे त्यांचे नऊ लाख होते. मी त्यांना सांगत राहिले, 'साहेबांची सही झाली की लगेच.' साहेबच मार्चमध्ये नोकरी सोडून गेले. त्या माणसाला त्यातले साडेपाच मिळाले, तेही सव्वा वर्षानं. माझी त्यात काही चूक नव्हती असं मी अनेक वर्षं म्हणायचे. चूक होती. त्यांच्या फाइलमध्ये अकरा साइटचे सहीचे कागद कमी होते, आणि हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

म्हणून तुम्हाला न विचारता सांगते.

आज संध्याकाळी एक मोठी वही घ्या, किंवा मुलाला एक्सेल उघडायला लावा. सतरा लाख हा एक आकडा म्हणून डोक्यात ठेवू नका, तो साइटनिहाय फोडा. साइट आयडी, पीओ (कामाच्या ऑर्डरीचा) नंबर, काम कधी संपलं, एटीपी (काम स्वीकारण्याआधीची तपासणी) झाली का, त्यावर कुणाची सही, बिल कधी टाकलं, किती आलं, किती रोखलं, आणि शेवटचा रकाना: का रोखलं. हा शेवटचा रकाना भरताना तुम्हाला कळेल की सतरा लाखांचे तीन ढीग आहेत. पहिल्यात काहीही अडचण नाही, फक्त मागितलं गेलेलं नाही. दुसऱ्यात काहीतरी बारीक राहिलंय: अर्थिंगचा फोटो नाही, अँटेनाच्या टिल्टचा फोटो धूसर, केबलला लेबल नाही, पंच पॉइंट (तपासणीत निघालेली उणीव) बंद केला पण मेल केली नाही. तिसऱ्या ढिगात खरा वाद आहे. माझ्या अनुभवात पहिले दोन ढीग मिळून निम्म्याच्या वर भरतात. दुसऱ्या ढिगासाठी पोरांना साइटवर पाठवा, फोटो काढून आणा, डिझेल जाईल तेवढं जाऊ द्या. सध्या तुमच्याकडे यापेक्षा जास्त पैसे देणारी साइट नाही.

ज्याच्या सहीनं एटीपी झाली तो इंजिनिअर कंपनीत आहे का, हे लगेच बघा. छाटणीत ही माणसं जातात आणि त्यांच्या जागी आलेला म्हणतो, 'मला काही कल्पना नाही.' गेलेल्या माणसाचा मेल, व्हॉट्सअॅपवरचा 'ओके, डन' असा मेसेजसुद्धा प्रिंट काढून फाइलला लावा. आमच्या टेबलावर शंभर बिलं असायची. ज्याची यादी नीट लावलेली, त्याचं आधी निघायचं. यात न्याय काही नाही, पण आमच्याकडे ते असंच चालायचं.

आता कायद्याचं. तुमची उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंद) आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे. त्यानुसार तुमचे पैसे ४५ दिवसांत मिळायला हवेत. करारात त्यापुढची मुदत लिहिली असली तरी ती चालत नाही, आणि लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. 'आम्हाला वरून आले की तुम्हाला देतो' हे वाक्य तुम्ही हजारदा ऐकलं असेल. कायद्याला वरचं-खालचं माहीत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. शिवाय २०२३-२४ पासून आयकर कायद्यात एक कलम आलंय, १९६१च्या कायद्यात त्याचा नंबर ४३बी(एच). त्यामुळे समोरच्यानं तुमचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला तो खर्च वजा धरता येत नाही. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्स विभागाला उद्यम प्रमाणपत्र जोडून थकबाकीचं साधं पत्र पाठवा. मार्चच्या धास्तीनं बरीच बिलं सुटतात, मी सोडलीत.

पण सावधपणे. नोंदणी काम करण्याच्या आधीची हवी, नाहीतर वाद घालायला जागा मिळते. आणि तुमचा पीओ 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट'मध्ये (उभारणीच्या ठेक्यात) मोडतो, त्याला हा कायदा लागू नाही, असाही मुद्दा समोरचा वकील काढतो. या कायद्याखाली सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायच्या आधी पीओची प्रत एखाद्या सीएला किंवा वकिलाला दाखवा. आणि तक्रार टाकली की त्या ठेकेदाराकडचं पुढचं काम गेलं असं समजून चाला. त्यामुळे ती तिसऱ्या ढिगासाठीच, आणि ज्याच्याकडे पुन्हा जायचं नाही त्याच्याविरुद्धच.

६जीची वाट. नाही, भाऊ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं त्याला दिलेलं नावच आयएमटी-२०३० आहे. प्रमाणं ठरायचीत, स्पेक्ट्रम ठरायचाय, मग लिलाव, मग ऑर्डरी, आणि मग चौथ्या पायरीवर तुम्ही. शिवाय जगातल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांच्या एनजीएमएन या मंडळानं २०२३ मध्येच लेखी म्हणून ठेवलंय की ६जीसाठी ५जीचे डबे सरसकट बदलायला लागू नयेत. म्हणजे गिऱ्हाईक आत्ताच सांगतंय, पुन्हा तेवढी खरेदी करायची इच्छा नाही. डबे विकणारे वेगळं सांगतील, त्यांचं पोट त्यावर आहे. तोपर्यंत तुमच्या गाड्यांचे हप्ते दोनदा फिटून गाड्या भंगारात गेलेल्या असतील.

बरं, मग काम कुठे आहे? तुमच्याकडच्या सगळ्या सामानात मला एकाच वस्तूचं भविष्य दिसतं, ते तुमचं स्प्लायसिंग मशीन.

एकदा पानशेतच्या रस्त्याला रात्री तुटलेली केबल जोडताना मी बघत उभी होते, बिलाचा वाद होता म्हणून गेले होते. गाडीच्या मागच्या फळीवर टॉवेल अंथरलेला, त्यावर मशीन. त्या मुलानं केसाएवढी तार सोलली, स्पिरिटनं पुसली, क्लीव्हरनं टक्‌ करून कापली, तुटलेला तुकडा जपून बाटलीत टाकला कारण तो पायात घुसला तर सापडत नाही. मग झाकण लावलं, पडद्यावर दोन टोकं एकमेकांसमोर सरकली, एक निळी ठिणगी, आणि जोडात किती प्रकाश वाया जातो त्याचा आकडा आला: ०.०२. असे शहाण्णव जोड. पहाटे चारला तो उठला आणि म्हणाला, 'म्याडम, आता आमचं बिल काढा.' मी काढलं.

हे काम लायसन्स की टाकून होत नाही. आपल्याकडे फायबर पोचलेले टॉवर अजून निम्म्याहूनही कमी आहेत, बाकीचे मायक्रोवेव्हच्या, म्हणजे बिनतारी जोडणीच्या, भरवशावर. गावोगावी फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेचा नवा टप्पा केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केला, १ लाख ३९ हजार कोटींचा, आणि त्यात उभारणीनंतर दहा वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात आहे. हे शेवटचं नीट ध्यानात घ्या: दहा वर्षं कुणाला तरी कराड, पाटण, कडेगावच्या भागात रात्री-अपरात्री तुटलेली केबल जोडून हवी आहे. पुण्याहून टीम यायला तीन तास लागतात, तुम्हाला चाळीस मिनिटं. रस्त्याची कामं चालू आहेत तोवर केबल तुटणारच. खोदण्याआधी कळवण्यासाठी सरकारनं २०२३ मध्ये अॅप काढलंय, पण जेसीबीवाला अॅप बघून खोदतो असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तालुक्याचं देखभालीचं काम मासिक रकमेवर मागा, साइटमागे नको. रक्कम लहान वाटेल. २०२३च्या महिन्यांशी तिची तुलना करू नका.

बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, त्यात जवळपास लाखभर साइट आहेत. उभारणी बहुतेक झाली, पण बॅटरी, रेक्टिफायर, अर्थिंग, ही रोजची कटकट आता सुरू झाली असेल. तिथेही विचारून बघा. पैसे कधी मिळतात ते आधी तिथे काम केलेल्याला विचारा, अधिकाऱ्याला नको.

ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहतायत आणि आतली केबलची कामं भरपूर आहेत. उपकरणांच्या बाजारात सध्या ज्या भागाला खरी मागणी आहे तो हाच, प्रकाशावर चालणारा. नोकियानं फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फिनेरा ही ऑप्टिकल उपकरणांची कंपनी विकत घेतली, ती याच्याचसाठी. एक टीम घेऊन महिने-दोन महिने नवी मुंबईला राहायची तयारी असेल तर बघा. मला तुमच्या पत्रावरून तसं वाटलं नाही.

मेहुण्याचं म्हणणं मला पटतं, पण अर्धं. चौकातल्या दुकानात चार कॅमेरे लावायला सगळं जग आहे, तिथे तुम्ही भावात मार खाल. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही: फायबर जोडता येतं, उंचीवर चढता येतं, अर्थिंग कळतं. साखर कारखान्याचा वजनकाटा एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला, मध्ये सातशे मीटर आणि उसाच्या ट्रॉल्या. तिथे तांब्याची केबल पावसाळ्यात वीज पडली की जळते. कॉलेजचं आवार, सूतगिरणी, मोठी हॉस्पिटल्स अशी कामं मेहुण्यानं आणावीत, कणा, म्हणजे मुख्य फायबर, तुम्ही टाकावा. आणि भागीदारी लेखी. मेहुणा आहे म्हणूनच लेखी.

पोरांचं. चौदा जणांना 'थांबा, काम येतंय' सांगत बसू नका. चार ठेवा, बाकीच्यांचा राहिलेला पगार पहिल्या आलेल्या पैशांतून चुकता करा आणि अनुभवाचं पत्र द्या, त्यात उंचीवर काम केल्याची वर्षं, कुठली प्रशिक्षणं झाली, हे स्पष्ट लिहा. तुमच्या डोक्यावर वनकुसवड्याचं पठार आहे, तिथल्या पवनचक्क्यांच्या देखभालीला उंचीला न घाबरणारी माणसं लागतात. सौरपंपांची आणि छतावरच्या सोलरची कामंही चालू आहेत. त्यांना तुमच्यापेक्षा लवकर काम मिळेल.

दोनपैकी एक पिकअप विका. जिचे हप्ते जास्त राहिलेत ती, जी आवडती आहे ती नाही. मशीन विकू नका, ओटीडीआरही नको.

गंठणाबद्दल. आज सांगा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, १७ लाखांपेक्षाही. सोनेतारणाची मुदत संपली की नोटीस घरी येते, पोस्टमन दुपारी येतो आणि दुपारी घरी कोण असतं? तिला कागदावरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. चिडेल. चिडू दे. आणि वर सांगितलेली ती यादी तिच्यासमोर बसून करा, कारण चौदा पोरांच्या हजेरीचा आणि डिझेलचा हिशेब तुमच्या घरात कोण ठेवतं, याचा मला अंदाज आहे. पहिल्या ढिगातले पैसे आले की आधी गंठण सोडवा. व्याजाच्या हिशेबानं कदाचित दुसरं कर्ज आधी फेडणं शहाणपणाचं ठरेल, मला हिशेब येतो. तरी गंठण आधी.

शेअर. नको. तुमच्याकडे सध्या बाजारात घालायला पैसा नाही, इथेच उत्तर संपतं. तरी मित्राला दाखवायला म्हणून एक उदाहरण: तेजस नेटवर्क्स, बीएसएनएलच्या ४जीचे रेडिओ ज्यांनी पुरवले ती कंपनी. २०२४-२५ या वर्षात उत्पन्न सुमारे ८,९०० कोटी. ते मोठं काम पुरं होत आलं आणि पुढच्याच वर्षाच्या पहिल्या तिमाहीत उत्पन्न २०० कोटींच्या आसपास, वर तोटा. कंपनीनं काही वाईट केलं म्हणून नव्हे, एकच मोठं गिऱ्हाईक होतं म्हणून. ही तुमचीच गोष्ट आहे, फक्त शून्यं जास्त. जी जोखीम तुम्ही धंद्यात घेऊन बसलाय तीच पुन्हा शेअरमध्ये कशाला घेता?

मुलाला जाऊ द्या. इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन म्हणजे टॉवर नव्हे. त्यात सिग्नल आहे, चिप आहे, नेटवर्किंग आहे, एम्बेडेड आहे. तो २०३०च्या आसपास बाहेर पडेल, तेव्हा बाजार कसा असेल हे आज कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, मीही नाही. एक अट घाला: पहिल्या वर्षापासून लिनक्स आणि आयपी नेटवर्किंग शिकायचं, आणि सुट्टीत तुमच्याबरोबर दोन-चार रात्री स्प्लायसिंगला यायचं. कंपन्यांत कागदावरचं फायबर शिकलेले ढीगभर येतात. केबल तुटली कुठे हे ओटीडीआरच्या रेषेवरून सांगणारा इंजिनिअर मी एकतीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला.

आता ता. क. मधली पोती. भाऊ, त्यांना हात लावू नका. ते सामान कुणाचं आहे? फीडर, जंपर, क्लॅम्प हे बहुतेक वेळा वरून चलनावर येतं आणि तुमच्या नावावर बोजा म्हणून पडून राहतं. काम संपलं की जमाखर्च लागतो: किती उचललं, किती लावलं, किती परत केलं. तो जुळेपर्यंत शेवटचं बिल सुटत नाही, आणि कमी पडलेल्या मालाची किंमत नव्या मालाच्या भावानं कापून घेतात. तुमच्या सतरा लाखांतला एखादा लाख या पोत्यांखालीच अडकलेला असण्याची शक्यता मला बरीच वाटते. चलनं शोधा, ड्रम मोजा, मीटरवर लिहा, फोटो काढा, आणि परतीची पोच घेतल्याशिवाय गाडी त्यांच्या गोदामातून हलवू नका.